सोर, आगुआदो आणि गिटारवादनातील द्रुतगतीचा प्रश्न

तंतुवाद्यांचा इतिहास सांगताना वादकाच्या बोटांची गती ही बहुधा प्रगतीची मोजपट्टी म्हणून वापरली जाते. आधीच्या पिढीला जे साधले नाही ते नंतरच्या पिढीने साधले, तिच्यावर पुढच्या पिढीने ताण केली, अशी ही मांडणी असते. ती वाचावयास सोपी आहे; परंतु तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. द्रुतगती आणि स्वच्छ स्वर या गोष्टी प्रत्येक काळातील प्रत्येक वादकाला एकाच अर्थाने हव्या होत्या, आणि ज्याच्या वादनात त्या आढळत नाहीत त्याला त्या साधल्या नाहीत, असे ते गृहीत होय. युरोपातील गिटारच्या बाबतीत ते कितपत टिकते हे तपासण्यासारखे आहे. त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दोन स्पॅनिश वादकांचे शिक्षणग्रंथ प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतले आहेत. फेर्नान्दो सोर (१७७८-१८३९) याचा ग्रंथ पॅरिस येथे १८३० मध्ये प्रसिद्ध झाला. दिओनिसिओ आगुआदो (१७८४-१८४९) याचे दोन प्रमुख ग्रंथ माद्रिद येथे १८२५ व १८४३ मध्ये निघाले.

हे दोघे समकालीन होते, स्नेही होते, आणि पॅरिसमध्ये काही काळ एकाच ठिकाणी, ओतेल फाव्हारमध्ये, राहत होते. दोघांनी मिळून वाजवावयाची एक रचना सोरने केली, तिला ‘दोन मित्र’ या अर्थाचे फ्रेंच नाव दिले, आणि तिच्यातील दोन भागांवर स्वतःचे व आगुआदोचे नाव घातले. अशा या दोघांचे एका प्रश्नावर मात्र जुळले नाही. तार नखाने छेडावी की बोटाच्या मांसल टोकाने, हा तो प्रश्न. बाहेरच्या माणसाला तो क्षुल्लक वाटेल. आपल्याकडील सरोदवादकांत डाव्या हाताने तार दाबताना नख लावावे की बोटाचे टोक, यावर जो आग्रह आढळतो तो ज्यांना परिचित आहे त्यांना तसे वाटणार नाही. वाद्याचा स्वर जेथे जन्मतो ती जागा बोटाच्या अग्रावरील एखाद्या रेषेइतकीच असते, आणि तेथे काय आहे यावर पुढचे पुष्कळसे ठरते.

वादाचे स्वरूप कळण्यासाठी प्रथम त्या काळची गिटार डोळ्यांसमोर आणली पाहिजे. पाच जोडतारांची जुनी गिटार मागे पडून सहा एकेरी तारांची गिटार रूढ झाली ती साधारणतः अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे या दोघांच्या बालपणी व तारुण्यात. वरच्या तीन तारा तातीच्या, म्हणजे जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या असत. खर्जाच्या तीन तारांचा गाभा रेशमाचा असून त्यावर धातूच्या बारीक तारेचे वेटोळे असे. वाद्याचे अंग आजच्यापेक्षा लहान होते. आज मैफिलीत दिसणारी मोठ्या अंगाची गिटार आन्तोनिओ दे तोर्रेस (१८१७-१८९२) या अंदालुसियातील कारागिराच्या हातून पुढे घडली.

अशा वाद्यावर गती आणि स्वच्छता यांचे नाते थोडे चमत्कारिक असते. तात मऊ असते. ती जोराने ओढली की तिचे आंदोलन रुंद होते, ती पडद्यांवर आपटते आणि खरखर उमटते. म्हणजे बळ वाढविले की स्वच्छता जाते. दुसरे असे की गजाने वाजणाऱ्या वाद्याप्रमाणे येथे स्वर धरून ठेवता येत नाही. तो उमटताक्षणीच ओसरू लागतो. त्यामुळे मोकळी जागा भरून काढण्यासाठी भराभर स्वर वाजविण्याचा मोह वादकाला सदैव होतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक स्वर दोन हातांच्या भेटीतून निघतो. डाव्या हाताचे बोट पडद्यामागे टेकणे आणि उजव्या हाताच्या बोटाने तार सोडणे या दोन क्रिया एकाच क्षणी घडाव्या लागतात. विलंबित लयीत या क्षणातील फरक कानाला जाणवत नाही. द्रुत लयीत तोच फरक कधी मुका ठोका म्हणून तर कधी दोन स्वरांमधला खोळंबा म्हणून ऐकू येतो. शिकणारा मनुष्य ‘बोटे चालत नाहीत’ अशी तक्रार करतो तेव्हा पुष्कळदा बोटे चालतच असतात. चुकत असते ती भेट.

या अडचणीवर त्या काळी सुचविलेल्या उपायांपैकी सर्वांत प्रसिद्ध उपाय सोर किंवा आगुआदो यांचा नव्हे. तो माउरो जुलिआनी (१७८१-१८२९) या इटालियन वादकाचा होय. जुलिआनी १८०६ पासून सुमारे तेरा वर्षे व्हिएन्नात होता, आणि तेथे १८१२ मध्ये त्याने आपला अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या भागात उजव्या हातासाठी १२० पाठ आहेत, आणि ते सर्वच्या सर्व फक्त दोन स्वरमेळांवर रचलेले आहेत. डाव्या हाताने एक आकार धरावयाचा, मग दुसरा, पुन्हा पहिला. उजव्या हाताने मात्र स्वरमेळातील स्वर एकामागून एक छेडण्याचे १२० निरनिराळे क्रम आत्मसात करावयाचे. संगीत म्हणून हे पाठ रुक्ष आहेत, त्यांत रस शोधू नये. परंतु त्यांमागील विचार तीक्ष्ण आहे. एका हाताला जवळजवळ विश्रांती देऊन दुसऱ्याची परीक्षा घ्यावी, म्हणजे दोष कोणाचा हे कळते. डाव्या हाताचे पाठ दुसऱ्या भागात स्वतंत्रपणे येतात. आज गिटारशिक्षणात जुलिआनीचे हे पाठ लयमापक यंत्र लावून, दररोज थोडी गती वाढवीत घोटण्याचा प्रघात आहे. हा प्रघात मागाहूनचा होय. मेल्झेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले ते १८१५ मध्ये; ग्रंथ निघाला तेव्हा ते यंत्र कोणाच्याच घरी नव्हते. आजचे वाचक या १२० पाठांकडे गतीची शिडी म्हणून पाहतात. जुलिआनीने ती बोटांच्या क्रमांची सूची म्हणून मांडली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

सोरची जडणघडण अगदी निराळी होती. तो बार्सिलोनाचा. त्याचे संगीताचे शिक्षण मोन्सेर्रात येथील मठाच्या गायनशाळेत झाले. तेथे त्याच्या कानावर जे संस्कार झाले ते समूहगायनाचे: चार कंठ, चार स्वतंत्र चाली, आणि त्यांचा एकमेकांशी मेळ. १७९७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याची संगीतिका बार्सिलोनात रंगभूमीवर आली. नेपोलियनच्या फौजांनी स्पेन सोडला तेव्हा फ्रेंच राजवटीशी संबंध आलेल्या अनेकांप्रमाणे त्यालाही १८१३ मध्ये देशत्याग करावा लागला. पॅरिस, लंडन, मॉस्को आणि अखेर पुन्हा पॅरिस असा त्याचा प्रवास झाला. स्पेनला तो परतला नाही. लंडनमध्ये १८२२ साली त्याच्या नृत्यनाट्याला मोठे यश मिळाले. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की सोर हा प्रथम संगीतकार होता आणि गिटार हे त्याच्या हातातील एक साधन होते. गिटारवर चार कंठ गातात असे त्याला ऐकू यावयास हवे होते, आणि त्याची सर्व तंत्रविचारणा या एका अपेक्षेतून निघते.

त्याच्या १८३० च्या ग्रंथाला शिक्षणग्रंथ म्हणावयाचे ते नावापुरते. त्यात पाठ थोडे आणि युक्तिवाद पुष्कळ. वाद्य कसे धरावे याचे विवेचन तो बोटांच्या भूमितीवरून करतो, आणि आकृत्या काढून दाखवितो. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांची टोके तारांच्या समोर एका ओळीत सहज येतात, अनामिकेचे टोक येत नाही. म्हणून उजव्या हाताची तीन बोटेच सामान्यतः वापरावीत, अनामिका फक्त चार स्वरांच्या मेळापुरती राखून ठेवावी, असा त्याचा नियम. उजवा हात घोडीपासून तारेच्या लांबीच्या एकदशांश अंतरावर असावा. डाव्या हाताचा अंगठा दांडीच्या मागे, बोटांच्या समोर असावा. त्या काळी अंगठा दांडीवरून वळवून त्यानेच खर्जाची तार दाबण्याची चाल होती, ती त्याने त्याज्य ठरविली, कारण तिच्यामुळे बाकीच्या बोटांची पोच कमी होते. वाद्य टेबलाच्या कोपऱ्याला टेकवावे, म्हणजे ते सावरण्याचे काम हातांना पडत नाही. बळापेक्षा कौशल्याकडून अधिक मागावे, आणि रुळलेल्या सवयीपेक्षा विचारावर अधिक विसंबावे, हा ग्रंथाच्या अखेरीस त्याने दिलेल्या सूचनांचा सारांश आहे.

अशा ग्रंथात द्रुतगतीचे प्रकरण असावयास हवे. ते नाही. त्याऐवजी एक स्पष्ट कबुली आहे. एकामागून एक वेगळे स्वर अतिजलद वाजविण्याचे ध्येय आपण कधीच ठेवले नाही, असे तो सांगतो. द्रुत तान आली की काही स्वर उजव्या हाताने छेडावेत आणि उरलेले डाव्या हाताच्या बोटांनीच तारेवर ठोकून वा तार ओढून काढावेत, ही त्याची रीत. आपल्या सतारीवरील कृंतनाशी तिचे साम्य आहे. आणि ज्यांना प्रत्येक स्वर स्वतंत्र छेडून जलद तान वाजविण्याची विद्या हवी असेल त्यांनी आगुआदोचा ग्रंथ पाहावा, असा निर्देश तो आपल्याच ग्रंथात करतो.

या वाक्यापाशी थोडे थांबले पाहिजे. ग्रंथकर्ता प्रतिस्पर्ध्याचा ग्रंथ आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती देतो, ही गोष्ट शिक्षणग्रंथांच्या इतिहासात विरळाच. तिचा अर्थ ‘सोरला गती साधली नव्हती’ एवढाच लावणारे लोक आहेत. तो अर्थ मला अपुरा वाटतो. ज्याने खालचा स्वर पूर्ण काळ टिकवून त्यावर दुसऱ्या दोन चाली चालवावयाच्या आहेत, त्याच्या डाव्या हाताची बोटे जागोजाग अडकलेली असतात. ती मोकळी सुटून धावू शकत नाहीत. गती हवी तर कंठ कमी करावे लागतात. सोरने कंठ ठेवले आणि गती सोडली. ही निवड होती, आणि तिची किंमत त्याने पॅरिसमध्ये मोजली. त्याच्या रचना कठीण आहेत अशी प्रकाशकांची व हौशी वादकांची तक्रार असे. तेव्हा त्याने सोप्या चिजांचे काही संग्रह काढले. त्यांपैकी एकाचे नाव ‘पाहू या, हेच का ते!’ अशा अर्थाचे आहे. हे नाव ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर काय भाव असेल याची कल्पना करता येते.

नखांविषयीचे त्याचे मत यापेक्षा कठोर आहे. नखाने वाजविणाऱ्याचे वादन आपल्याला कधी सुसह्य वाटले नाही, असे तो बजावतो, आणि अपवाद करतो तो एकट्या आगुआदोचा. त्याचा आक्षेप असा की नखाने स्वराच्या छटा उरत नाहीत. हळुवार वाजविताना तो स्वर गात नाही, जोराने वाजविताना नखाचा आवाज तारेच्या आवाजावर मात करतो. पियानोच्या तुलनेत हार्पसिकॉर्ड जसे, तसे आपल्या वादनाच्या तुलनेत नखाचे वादन, अशी उपमा तो देतो. एवढी उणीव असूनही आगुआदो श्रेष्ठ वादक ठरतो तो त्याच्या असामान्य गुणांमुळे, असे त्याचे म्हणणे. इतकेच नव्हे तर, पुन्हा आरंभ करावयाचा असता तर आपण नखे वापरली नसती, पण आता या वयात बदल शक्य नाही, असे खुद्द आगुआदोने आपल्याला सांगितल्याचेही तो नमूद करतो.

आता दुसरा पक्ष. आगुआदो माद्रिदचा. मिगेल गार्सिया, ज्याला पाद्रे बासिलिओ या नावाने ओळखत, त्या धर्मोपदेशकाकडे तो गिटार शिकला. फ्रेंच आक्रमणानंतरचा पुष्कळसा काळ त्याने माद्रिदजवळच्या फुएन्लाब्रादा या गावी काढला. १८२४ मध्ये आईच्या मृत्यूनंतर तो मोकळा झाला आणि पॅरिसला गेला. सोरप्रमाणे तो ना संगीतिकांचा कर्ता, ना नृत्यनाट्यांचा. गिटार हेच त्याचे जग होते, आणि त्याच्या ग्रंथांत शिक्षकाची चिकाटी पानोपानी दिसते. त्याच्या १८२५ च्या ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद फ्रांस्वा द फोसाने लगेच पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला. सोर ज्या ग्रंथाकडे बोट दाखवितो तो त्यामुळे पॅरिसच्या विद्यार्थ्याला सहज मिळण्यासारखा होता.

आगुआदोचे नखाविषयीचे विवेचन वाचले म्हणजे सोरची हार्पसिकॉर्डची उपमा त्याला पुरतेपणी लागू पडत नाही हे ध्यानात येते. तो केवळ नखाने तार छेडण्यास सांगत नाही. बोट किंचित पसरलेले ठेवून प्रथम मांसल टोकाच्या अंगठ्याकडील बाजूने तारेला स्पर्श करावा, आणि तेथून तार लगोलग नखावरून घसरू द्यावी, ही त्याची रीत. म्हणजे स्वराचा आरंभ मांसाचा आणि शेवट नखाचा. सतारीच्या नखीशी याचे वरवरचे साम्य आहे, पण नखी ही धातूची आणि एकाच स्वभावाची. येथे एकाच आघातात दोन पदार्थ काम करतात. नखे फार कठीण असू नयेत, लवचिक असावीत, बोटाच्या टोकापलीकडे ती थोडीशीच यावीत. लांब नखे चपळतेला बाधक ठरतात, कारण तारेला नखाच्या संपूर्ण लांबीवरून जाण्यास वेळ लागतो. हे शेवटचे निरीक्षण मला विशेष मोलाचे वाटते. गतीचा विचार येथे स्नायूंच्या बळाच्या भाषेत केलेला नाही. तार आणि बोट यांचा संपर्क किती काळ टिकतो या भाषेत केला आहे. संपर्क जितका अल्प, तितके बोट पुढच्या स्वरासाठी लवकर मोकळे. तर्जनी आणि मध्यमा यांनी आळीपाळीने तार छेडावी या पद्धतीचा उपयोगही हाच: एक बोट काम करीत असता दुसरे परत जागेवर येते. युरोपातील जुन्या ल्यूटवादनात हेच काम अंगठा व तर्जनी यांच्या जोडीकडे असे, आणि त्यात एक स्वर जड, एक हलका पडे. तर्जनी-मध्यमेच्या जोडीने दोन्ही स्वर सारख्या वजनाचे होतात.

नखांनी अतिजलद तान स्पष्टपणे वाजविता येते, हे आगुआदोने नखांच्या बाजूने मांडलेले एक कारण. दुसरे कारण स्वराच्या गुणधर्माचे आहे. गिटारचा स्वर वीणेसारखा किंवा व्हायोलिनसारखा करण्याचा खटाटोप करू नये. तिचा म्हणून एक स्वभाव आहे, आणि नखाने तो उमटतो, असे त्याला वाटे. सोर गिटारमध्ये इतर वाद्यांचे व कंठांचे अनुकरण शोधतो, आगुआदो गिटारमध्ये गिटार शोधतो, असा हा भेद आहे.

वाद्य धरण्याच्या प्रश्नावर आगुआदोचा उपाय अधिक धाडसी होता. त्याने गिटारसाठी तिपाई तयार केली. वादक बसे, गिटार त्याच्या पुढ्यात तिपाईवर अधांतरी राही. शरीराचा स्पर्श नसल्यामुळे लाकडाची कंपने दबत नसत आणि दोन्ही हात वाद्य सावरण्याच्या कामातून सुटत. टेबलाचा कोपरा सुचविणाऱ्या सोरला ही सोय तात्काळ पटली. उत्तरायुष्यात एका शिष्येच्या मृत्यूवर त्याने जी शोकरचना केली तिच्यासाठी तिपाई आवश्यक आहे असे त्याने स्वतःच नमूद केले. जो मनुष्य नखांच्या बाबतीत तसूभर हलला नाही, त्याने तिपाई मात्र स्वीकारली. कारण तिपाईने त्याचे कंठ अधिक टिकत होते.

आता ज्या साक्षीवर पुष्कळांनी भिस्त ठेवली तिच्याकडे वळू. आगुआदोला नखांचा पश्चात्ताप झाला होता, ही गोष्ट आपल्याला सोरच्या ग्रंथातून कळते. म्हणजे ती विरुद्ध पक्षाच्या तोंडची आहे. ती खोटी ठरविण्याचे कारण नाही, मित्रामित्रांतील बोलण्यात असे उद्गार निघतात. परंतु आगुआदोची स्वतःची लेखी साक्ष उपलब्ध असता ती आधी पाहिली पाहिजे. १८४३ मध्ये, म्हणजे सोरच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, माद्रिदला परतलेल्या आगुआदोने नवा ग्रंथ प्रसिद्ध केला. आता त्याला मित्राची भीड नव्हती. त्यात तो म्हणतो की आपण सर्व बोटांची नखे वापरीत होतो. मात्र सोरचे वादन ऐकल्यापासून अंगठ्याचे नख वापरणे सोडले, आणि त्याबद्दल आपल्याला समाधान आहे. बाकीची नखे त्याने राखली, आणि त्यांचे समर्थनही राखले.

या साक्षीचा अर्थ तंत्राच्या अंगाने लावला तर चित्र स्वच्छ होते. अंगठ्याकडे खर्जाच्या तारा. तेथे तान नसते, तेथे टिकणारा आधारस्वर असतो, आणि टिकणाऱ्या स्वराला सोरचा मांसल स्पर्श अधिक चांगला. तर्जनी व मध्यमा यांच्याकडे वरच्या तारा, म्हणजे तान; तेथे नख. आगुआदोने वादाचा निकाल लावला नाही, त्याने तो हाताच्या दोन भागांत वाटून टाकला. ‘स्वच्छ’ या शब्दाचेही दोन अर्थ येथे वेगळे होतात. आपल्या गायकवादकांत दाणेदार तान म्हणतात, तिच्यातील प्रत्येक स्वर वेगळा, सारख्या आकाराचा, मण्यासारखा. ही आगुआदोची स्वच्छता. सोरची स्वच्छता अशी की खालच्या कंठाचा स्वर त्याचा काळ पुरा होण्याआधी तुटू नये, मधल्या कंठाने वरच्याला झाकू नये, आणि बोट सरकल्याचा आवाज त्यात मिसळू नये. दुसऱ्या अर्थाने स्वच्छ वाजविणारा पहिल्या कसोटीवर मंद ठरतो, आणि पहिल्या अर्थाने स्वच्छ वाजविणारा दुसऱ्या कसोटीवर तुटक. सामान्य इतिहासग्रंथांत या दोघांना एकाच कसोटीला लावून एकाला पुढचा आणि एकाला मागचा ठरविले जाते.

त्या काळच्या पॅरिसचा कल कोणत्या कसोटीकडे होता याविषयी मात्र शंका नाही. १८३१ मध्ये पागानीनीचे व्हायोलिनवादन पॅरिसने ऐकले आणि शहर वेडे झाले. हा पागानीनी स्वतः उत्तम गिटारवादक होता व त्याने गिटारसाठी पुष्कळ रचनाही केल्या, ही गोष्ट त्याच्या व्हायोलिनच्या कीर्तीत झाकून गेली. पियानोच्या क्षेत्रात चेर्नीने केवळ द्रुतगतीसाठी म्हणून पाठांचा संग्रह काढला तोही याच दशकात. सभागृहे मोठी होऊ लागली होती. तातीच्या तारांच्या लहानशा गिटारला या शर्यतीत उतरणे अवघड होते. १८४० नंतर तिची फॅशन पॅरिसमध्ये ओसरू लागली.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२-१९०९) तोर्रेसच्या मोठ्या गिटारवर वाजवू लागला. तार छेडल्यावर बोट शेजारच्या तारेवर टेकविण्याची ‘आपोयान्दो’ ही रीत त्याच्या शिष्यशाखेत पक्की झाली. या रीतीने तानेचे स्वर भरीव आणि सारखे येतात, बोटाला थांबण्याची निश्चित जागा मिळते. एकल तानेपुरते पाहिले तर आगुआदोच्या शोधाची ही पुढची पायरी होय. आश्चर्य असे की त्याच तार्रेगाने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत नखे कापून टाकली. त्याच्या शिष्यांत पुन्हा दोन पक्ष पडले. मिगेल ल्योबेतने नखे ठेवली, एमिलिओ पुजोलने ठेवली नाहीत, आणि पुजोलने या पेचावर स्वतंत्र निबंधही लिहिला. शंभर वर्षांनंतरही सोर आणि आगुआदो एकाच घरात राहत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

या पेचाचा निकाल व्यवहारात लागला तो युक्तिवादाने नव्हे. आन्द्रेस सेगोविया (१८९३-१९८७) नखांनी वाजवीत असे, आणि मोठ्या सभागृहांत गिटार नेणारा तो विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी वादक ठरला. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी तात लागू लागल्यामुळे तारांची टंचाई झाली, आणि युद्धानंतर न्यूयॉर्कचा कारागीर आल्बर्ट ऑगस्टिन याने सेगोवियाच्या प्रोत्साहनाने नायलॉनच्या तारा प्रचारात आणल्या. नायलॉन गुळगुळीत, टिकाऊ. नखाने ती तातीसारखी विस्कटत नाही, आणि उघड्या मांसल टोकाला तिच्यावर तातीसारखी पकड मिळत नाही. पदार्थ बदलला आणि त्याबरोबर एक पक्ष दुबळा झाला. सेगोवियाने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेली स्वरश्रेणींची छोटी पुस्तिका जगभर शिक्षकांच्या हाती गेली. तिच्यात तर्जनी-मध्यमा व अन्य जोड्यांनी सर्व श्रेणी घोटण्याचा क्रम आहे, आणि गतीचा रियाज म्हणून आज जे शिकविले जाते त्याचा मोठा भाग तिच्यातून आला.

त्याच सेगोवियाने १९४५ मध्ये सोरच्या अभ्यासरचनांपैकी वीस निवडून, स्वतःची बोटयोजना घालून प्रसिद्ध केल्या. त्या संग्रहाने सोरला नवे आयुष्य दिले हे मान्यच केले पाहिजे. पण त्याबरोबर एक गोष्ट घडली. मांसल टोकांसाठी, तीन बोटांसाठी आणि तातीसाठी लिहिलेले पाठ नखांच्या, चार बोटांच्या आणि नायलॉनच्या शाळेत क्रमिक पुस्तक म्हणून लागले. सोरची मूळ मुद्रिते इंग्लंडमधील संशोधक ब्रायन जेफरी यांनी १९७७ पासून प्रतिरूपात उपलब्ध करून दिली, त्यामुळे आता दोन्ही पाठ शेजारी ठेवून पाहता येतात. सोरची एक सुप्रसिद्ध अभ्यासरचना आहे, तिच्यात वर एक संथ चाल आणि खाली स्वरमेळाचे सुटे स्वर आहेत. आज ती शिकविताना वरची चाल बहुधा अनामिकेकडे देतात. सोरच्या नियमाप्रमाणे ती मध्यमेकडे जाते, तर्जनी व अंगठा खालचे स्वर पाहतात, आणि वाजविणाऱ्याला मुळातच फार जलद जाता येत नाही.